निष्ठेची मोजपट्टी आणि पुण्याचे सहा संघ

आधी एक यादी देते. पुणे वॉरियर्स, २०१३ मध्ये बंद. पुणे एफसी, २०१५ मध्ये आय-लीगमधून बाहेर. भारत एफसी, त्याच वर्षी. रायझिंग पुणे सुपरजायंट, २०१७. डीएसके शिवाजीयन्स, तेही २०१७. एफसी पुणे सिटी, २०१९. म्हणजे २०१३ ते २०१९ या काळात एका शहराचे सहा व्यावसायिक संघ गेले. तुम्ही पुण्यात राहत असाल तर यातले दोन-तीन तुम्हाला आठवतील. भारत एफसी म्हटल्यावर ‘हा कुठला?’ असं विचारणारे पक्के फुटबॉलवेडे पुणेकरही मला भेटलेत. एकच हंगाम खेळला बिचारा.

ही यादी मी कुठेही वाचून दाखवली, सेमिनारमध्ये असो की चहाच्या टपरीवर, की पाच मिनिटांत एक वाक्य हमखास येतं: ‘पुण्यात फॅन कल्चरच नाहीये हो.’ पुणेकर खवचट, पुणेकर दुपारी झोपणार, पुणेकर तिकिटाला पैसे टाकणार नाही, असे नेहमीचे विनोदही सोबत येतात. विनोदांबद्दल माझी तक्रार नाही. पण हे वाक्य गंभीरपणे घ्यायला पाहिजे, कारण आमच्या विषयातलं बरंचसं संशोधन तेच वाक्य सभ्य भाषेत म्हणत असतं. आजचा लेख त्या संशोधनाबद्दल आहे, आणि तो थोडा भांडणाच्या सुरात आहे, हे आधीच सांगून टाकते.

फॅनची निष्ठा कशी मोजतात, हे थोडक्यात. १९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात विद्यापीठांत एक साधी गोष्ट मोजली: शनिवारी आपला फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात किती विद्यार्थी विद्यापीठाचं नाव असलेले कपडे घालून येतात. जिंकल्यावर जास्त येत होते. जिंकल्यावर लोक ‘आपण जिंकलो’ म्हणतात आणि हरल्यावर ‘ते हरले’, हेही त्यांनीच दाखवलं. सुंदर अभ्यास आहे, मी तो दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगते. पुढे १९९३ मध्ये डॅनियल वॅन आणि नायला ब्रॅन्सकोम्ब यांनी सात प्रश्नांची प्रश्नावली बनवली. संघ जिंकणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं, तुम्ही स्वतःला किती पक्के फॅन समजता, मित्र तुम्हाला किती पक्के समजतात, संघाचं नाव अंगावर किंवा घरात किती मिरवता, असे प्रश्न. प्रत्येकाला एक ते आठ गुण. बेरीज केली की तुमची निष्ठा हातात. २००१ मध्ये डॅनियल फंक आणि जेफ जेम्स यांनी त्याला जिना दिला: आधी संघ माहीत होतो, मग आवडतो, मग जवळचा वाटतो, आणि शेवटच्या पायरीवर निष्ठा. त्या पायरीवर पोचलेला माणूस संघ हरला तरी हलत नाही, असं त्यांचं म्हणणं.

या कामाला मी नावं ठेवणार नाही. सगळं काळजीपूर्वक केलेलं काम आहे. पण या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट इतकी गृहीत धरलेली आहे की ती लिहावीसुद्धा लागली नाही, ती म्हणजे संघ जागेवर आहे. फॅन येतो, जातो, चढतो, घसरतो, आणि संघ तिथेच उभा असतो, एखाद्या देवळासारखा. अमेरिकन विद्यापीठाच्या संघाबाबत हे खरंच आहे. कॅन्सस विद्यापीठ उद्या उठून दुसऱ्या राज्यात जात नाही. पण ही मोजपट्टी उचलून पुण्यात आणली तर काय मोजलं जाईल? जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर माणूस पोचतो न पोचतो तोच जिनाच उचलून नेला, तर ‘हा माणूस चौथ्या पायरीवर चढला नाही’ अशी नोंद होणार. आणि अशा नोंदींची सरासरी काढून आपण म्हणणार, पुण्यात फॅन कल्चर नाही.

आता प्रत्यक्षात काय झालं ते बघू. क्रिकेटपासून सुरू करते, कारण ते बहुतेकांना आठवत असेल.

२०१० मध्ये सहाराने पुण्याचा आयपीएल संघ ३७ कोटी डॉलरना घेतला. तोवरची ती सगळ्यात मोठी बोली होती. २०११ च्या पहिल्या हंगामात या पुण्याच्या संघाचं घरचं मैदान कुठे होतं? नेरुळला, डी. वाय. पाटील स्टेडियमवर. गहुंजेचं मैदान तयार नव्हतं. म्हणजे कोथरूडच्या माणसाने घरचा सामना बघायला घाट उतरून नवी मुंबईला जायचं होतं. २०१२ मध्ये गहुंजे सुरू झालं, त्याला नाव मिळालं सुब्रतो रॉय सहारा स्टेडियम. त्या हंगामात संघ तळाला राहिला. मे २०१२ मध्ये सौरव गांगुली पुण्याचा कप्तान म्हणून ईडन गार्डन्सवर उतरला तेव्हा कोलकात्याचं मैदान दुभंगलं होतं, निम्मे आपल्या शहराच्या बाजूने आणि निम्मे दादाच्या. गंमत बघा, पुणे वॉरियर्ससाठी झालेला सगळ्यात गाजलेला जल्लोष बहुधा कोलकात्यात झाला. २०१३ मध्ये ख्रिस गेलने १७५ धावा कुटल्या त्या याच संघाविरुद्ध. त्याच मे महिन्यात फ्रँचायझी शुल्कावरून मंडळाशी वाद टोकाला गेला, मंडळाने बँक हमी वटवली आणि सहाराने अंग काढून घेतलं. पुढे स्टेडियमवरचं नावही उतरलं.

या सगळ्यात पुणेकर प्रेक्षकाने नक्की कुठे कमी पडायचं होतं?

दुसरा संघ आला तो आणखी विचित्र अटीवर. चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले, त्यांच्या जागी दोन वर्षांपुरते दोन संघ हवे होते. डिसेंबर २०१५ मध्ये उलटी बोली लागली. मंडळ वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी देणार, जो सगळ्यात कमी मागेल त्याला संघ. संजीव गोएंका यांच्या कंपनीने उणे १६ कोटींची बोली लावली, म्हणजे तुमचे पैसे नकोत, उलट आम्हीच वर्षाला १६ कोटी देतो. दोन वर्षांनी हा संघ नसणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं. दुधाच्या पिशवीवर असते तशी तारीख. वर पहिल्याच वर्षी राज्यात दुष्काळ. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलअखेरीनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं आणि पुण्याचे घरचे उरलेले सामने विशाखापट्टणमला झाले. (तो निकाल मला तेव्हाही पटला होता, आजही पटतो. लातूरला रेल्वेने पाणी जात असताना खेळपट्टीवर पाणी मारायचं हे बरं दिसत नव्हतं. पण निष्ठेच्या हिशोबात ते सामने गेले ते गेलेच.) दुसऱ्या वर्षी धोनीला कप्तानपदावरून काढलं, नावातला शेवटचा ‘स’ही काढला, ‘सुपरजायंट्स’चा ‘सुपरजायंट’ झाला, आणि त्या संघाने थेट अंतिम फेरी गाठली. २१ मे २०१७, हैदराबाद. मुंबई १२९, पुणे १२८. एका धावेने.

त्या रात्री पुण्यात लोक रडले नाहीत असं कोणी म्हणत असेल तर ते त्या रात्री पुण्यात नव्हते. आणि त्या एका धावेबरोबर संघही संपला. पुढच्या वर्षी बदला घ्यायची सोय नाही. फॅन म्हणून वाढायला जी गोष्ट सगळ्यात जास्त लागते, ‘थांबा, पुढच्या वर्षी दाखवतो’, तीच करारात नव्हती.

पुढचा तपशील माझ्या प्रबंधाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा आहे. २०२१ मध्ये गोएंका यांच्या समूहाने ७,०९० कोटींना लखनौचा संघ घेतला आणि त्याचं नाव ठेवलं लखनौ सुपर जायंट्स. दक्षिण आफ्रिकेतल्या लीगमध्ये त्यांचाच डर्बन सुपर जायंट्स आहे. म्हणजे ‘रायझिंग पुणे सुपरजायंट’ या नावातून पुणे गळून पडलं आणि सुपरजायंट मालकाबरोबर पुढे गेलं. संघाच्या नावात दोन भाग असतात, एक शहराचा आणि एक मालकाचा. फॅनला वाटत असतं की शहर हे मूळ नाव आणि बाकीचं सजावट. व्यवहारात उलटं निघालं.

इथे मला अल्बर्ट हर्शमनचं पुस्तक आणायचंय. अर्थशास्त्रवाले नाक मुरडतील की किती वेळा तेच, पण त्याच्याशिवाय गाडी पुढे जात नाही. १९७० चं ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’. त्याचा प्रश्न साधा होता: एखादी संस्था बिघडायला लागली की लोक काय करतात? एक तर निघून जातात, नाही तर आवाज उठवतात. नायजेरियाची रेल्वे बिघडत होती, आणि जे सगळ्यात जास्त ओरडले असते असे ग्राहक मुकाट्याने ट्रककडे गेले, त्यामुळे रेल्वे सुधारायचं कोणाला कारणच उरलं नाही. इथे निष्ठेचं काम येतं. निष्ठा माणसाला लगेच निघू देत नाही, थांबवते, आणि थांबलेला माणूस बोलतो.

खेळाच्या अभ्यासकांना हे फार आवडतं, कारण फॅन म्हणजे न निघणारा ग्राहक. पण हर्शमनच्या मांडणीतही दार फक्त ग्राहकाच्या बाजूला आहे. जाणार तो ग्राहक, संस्था बसून राहणार. फ्रँचायझीच्या खेळात दार मालकाच्या बाजूला आहे. एफसी पुणे सिटीचं बघा. २०१४ मध्ये वाधवान समूह आणि सोबत हृतिक रोशन, इटलीच्या फिओरेंतिनाशी भागीदारी, बालेवाडीत सामने, नारिंगी कपड्यातली ऑरेंज आर्मी. २०१७-१८ मध्ये मार्सेलिन्यो आणि अल्फारो यांच्या जोरावर उपांत्य फेरी, तिथे बेंगळुरूकडून सुनील छेत्रीच्या हॅटट्रिकने पराभव. आणि दीड वर्षाच्या आत, मालक आर्थिक अडचणीत आल्यावर, संघच गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधली ती जागा हैदराबादच्या नव्या मालकांकडे गेली. हैदराबाद एफसीने मार्च २०२२ मध्ये विजेतेपदही मिळवलं. आणि २०२५ मध्ये ती जागा हैदराबादहूनही उठून दिल्लीला गेली. म्हणजे आता हैदराबादचे लोकही फॅन कल्चर नसलेल्यांच्या रांगेत बसले म्हणायचे का?

ऑरेंज आर्मीने आवाज कोणाकडे उठवायचा होता? हर्शमनच्या भाषेत त्यांच्याकडे निष्ठा होती, आवाजही होता, पण ऐकणाऱ्या टोकाला कोणी नव्हतं. कंपनी होती, ती गेली.

यावर माझ्या मार्गदर्शकांचा आक्षेप असा होता की हे सगळीकडेच होतं, बाजार आहे, यात नवीन काय. म्हणून एक तुलना. तोच मालक, दुसरं शहर. २०२० मध्ये गोएंका यांच्या एटीके संघाचं आणि मोहन बागानच्या फुटबॉल विभागाचं एकत्रीकरण झालं. ऐंशी टक्के हिस्सा समूहाकडे, वीस टक्के क्लबकडे. नाव ठरलं एटीके मोहन बागान. १८८९ चा क्लब, १९११ मध्ये अनवाणी खेळून गोऱ्या पलटणीला हरवलेला, आणि त्याच्या नावापुढे २०१४ मध्ये जन्मलेल्या संघाची तीन अक्षरं. कोलकात्यात आग लागली. ‘रिमूव्ह एटीके’ ही मागणी तीन वर्षं चालली, फलक, मोर्चे, सामन्यांवर बहिष्कार, मालकाच्या प्रत्येक पोस्टखाली तेच दोन शब्द. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला संघाने लीग जिंकली आणि त्याच रात्री गोएंका यांनी जाहीर केलं, एटीके जाणार. नवं नाव, मोहन बागान सुपर जायंट. हो, तोच सुपर जायंट पुन्हा. पूर्ण विजय नाहीच हा. पण मालकाला एक पाऊल मागे यावं लागलं.

बंगाली माणूस पुणेकरापेक्षा जास्त निष्ठावान असतो म्हणून हे झालं, असं म्हणणारे म्हणतील. मला तसं वाटत नाही. मोहन बागान हा सभासदांचा क्लब आहे. निवडणुका होतात, कार्यकारिणी असते, मैदान आहे, तंबू आहे. ओरडायला एक पत्ता आहे. मालक उद्या निघून गेला तर कंपनी जाईल, क्लब राहील, हे मालकालाही माहीत आहे. पुण्यात मालक म्हणजेच संघ होता. म्हणून मी असं मांडते की निष्ठा फॅनच्या डोक्यात मोजून भागत नाही, ती फॅन आणि संस्था यांच्यामधल्या व्यवस्थेत मोजायला हवी. नाव कोणाचं, रंग कोणाचे, मैदान कोणाचं, आणि जाताना कोणाला विचारावं लागतं.

हे प्रश्न हवेतले नाहीत. अमेरिकेत नोव्हेंबर १९९५ मध्ये आर्ट मॉडेल यांनी क्लीव्हलँड ब्राउन्स हा संघ बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं, तेव्हा शहर कोर्टात गेलं आणि शेवटी तडजोड झाली. मालक, खेळाडू जातील, पण नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडमध्येच राहील. १९९९ मध्ये त्याच नावाने नवा संघ उभा राहिला. लंडनमध्ये २००२ साली विम्बल्डन एफसीला मिल्टन कीन्सला जायची परवानगी मिळाली, तर तिथल्या समर्थकांनी वर्गणी काढून एएफसी विम्बल्डन हा आपलाच क्लब तळापासून सुरू केला आणि २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचवला. वर्गणी काढून संस्था चालवणं पुण्याला कोणी शिकवायची गरज नाही, शंभर-सव्वाशे वर्षांची मंडळं आहेत इथे, आणि मांडवाची जागा कोणाची यावर इथे जेवढं भांडण होतं तेवढं क्लीव्हलँडमध्येही झालं नसेल. निष्ठेचा दुष्काळ असलेलं शहर असं वागत नाही.

आता माझ्याच म्हणण्याच्या विरोधात जाणारा पुरावा, कारण तो लपवला तर तुम्ही मला पकडणारच. एप्रिल २०१८. कावेरीच्या वादामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याला हलवले गेले. चेन्नईहून सुमारे हजार चाहते खास रेल्वेने पुण्यात आले, गहुंजे पिवळं झालं, वॉटसनने शतक ठोकलं. तो पिवळा रंग सगळा चेन्नईहून आलेला नव्हता, त्यात पुणेकर भरपूर होते. एक वर्षापूर्वी जे पुण्याच्या संघासाठी रडले त्यातलेच काही असतील. म्हणजे ते पुण्याचे फॅन होते की धोनीचे? प्रामाणिकपणे सांगायचं तर बरेचसे धोनीचे. आणि पुण्यात मुंबई इंडियन्सचे फॅन पुण्याच्या दोन्ही संघांच्या आधीपासून होते, कारण सचिन. हे मान्य केल्यावरही मला एवढंच दिसतं की ज्या गोष्टी टिकल्या त्यांना लोक चिकटले. धोनी टिकला, चेन्नई दोन वर्षं निलंबित होऊनही त्याच नावाने परत आली. पुण्याचं काहीच परत आलं नाही.

दुसरा पुरावा जास्त अवघड आहे: पुणेरी पलटण. कबड्डीचा हा संघ २०१४ पासून आहे, तोही मालकाचाच आहे, सभासद वगैरे काही नाही. तरी गेला नाही, आणि मार्च २०२४ मध्ये हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून विजेता झाला. माझ्या मांडणीप्रमाणे इथेही नातं तेवढंच तकलादू असायला हवं. तसं वाटत मात्र नाही. नावात ‘पुणेरी’ आहे म्हणून, की गल्लीबोळातल्या कबड्डी संघांची जुनी पाळंमुळं आहेत म्हणून, की नुसतंच दहा वर्षं टिकला म्हणून, हे मला अजून वेगळं काढता आलेलं नाही. पुढचे सहा महिने मी त्यावरच आहे.

तोवर प्रश्नावलीत मी वॅन आणि ब्रॅन्सकोम्ब यांच्या सात प्रश्नांनंतर आठवा घातलाय: बंद झालेल्या संघाचा टी-शर्ट तुमच्याकडे आहे का, आणि असेल तर तो घरात कुठे आहे? चाचणीला घेतलेल्या थोड्या लोकांची उत्तरं आली आहेत. एकाने लिहिलं, गाडी पुसायला. एकाने लिहिलं, कपाटात, वरच्या कप्प्यात, इस्त्री करून. तुमच्याकडे वॉरियर्सचा निळा, सुपरजायंटचा जांभळा किंवा पुणे सिटीचा नारिंगी असेल, तर तो कुठे ठेवलाय ते मला जरूर कळवा.